दोघांचे वर्ष मोसमांवर बेतावे

लग्नाला काही वर्षे झालेली, नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणारी जोडपी बहुधा एक गोष्ट सतत पुढे ढकलत असतात आणि ती म्हणजे एकमेकांबरोबर निवांत घालवायचा वेळ. वर्षातून एकदा चार दिवसांची सहल, वाढदिवसाला बाहेरचे जेवण आणि लग्नाच्या वाढदिवसाला साडी किंवा घड्याळ, एवढ्यावर वर्षभराचे सारे प्रेम भागवले जाते. मधले सगळे महिने डबे, हप्ते, मुलांच्या शिकवण्या आणि पाहुण्यांची ये-जा यांत निघून जातात. सवड मिळाली की करू, असे दोघेही मनापासून म्हणत असतात, परंतु सवड आपणहून कुणालाच मिळत नाही.

या अडचणीवर मोसम हा सर्वांत चांगला उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे. मोसम आपल्या सवडीसाठी थांबत नाही. हापूस आंबा पावसाच्या तोंडावर संपतो, ज्वारीचा हुरडा दाणा कोवळा असेपर्यंतच मिळतो, मोगरा उन्हाळ्यात भरघोस येतो आणि शेवळे ही रानभाजी तर पहिल्या पावसानंतरचे काही आठवडेच बाजारात दिसतात. या गोष्टी दोघांनी मिळून गाठायच्या असे एकदा ठरवले, की निमित्त शोधावे लागत नाही आणि दिवस कोणता हा वादही उरत नाही. याला एकच पथ्य जोडावे : एका वेळी एकच गोष्ट करावी. एका दिवसात तीन देवळे, दोन धबधबे आणि प्रसिद्ध मिसळ असा बेत आखला, की त्यातील कशाचीच चव लागत नाही आणि परतीच्या वाटेवर दोघेही दमून गप्प बसतात.

आधी रोजचे जेवण

मोसमांकडे वळण्यापूर्वी रोजच्या रात्रीच्या जेवणाचा विचार करावा लागतो, कारण वर्षातील बहुतेक रात्री त्याच्याच असतात. आपल्या घरांतून एक रीत अजून टिकून आहे : घरातील सगळे पानावर बसतात, तव्यावरची गरम पोळी एकेक करून त्यांच्या ताटात येते आणि पोळ्या करणारी गृहिणी सर्वांचे आटोपल्यावर, निवलेल्या भाजीबरोबर, एकटी जेवते. या रीतीमागे माया आहे हे खरे असले, तरी तिच्यामुळे नवरा-बायकोचे जेवण वर्षानुवर्षे एका वेळी होत नाही. बाहेरगावच्या सहलीचे बेत करण्याआधी प्रत्येक जोडप्याने ही रीत बदलावी, असा माझा आग्रह आहे, आणि ती बदलण्याचा मार्ग स्वयंपाकाच्या निवडीतून जातो.

आठवड्यातील निदान दोन-तीन रात्री तव्याजवळ कुणाला उभे राहावे लागणार नाही असा पदार्थ करावा. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, मसालेभात, पिठले-भात, आमटी-भात हे सगळे त्यात बसतात. मला मात्र दोघांसाठी वरणफळे सर्वांत योग्य वाटतात, कारण ती करायलाही दोघे लागतात. तूरडाळ मऊ शिजवून घोटून घ्यावी; तेलात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी करून त्यात वरण ओतावे, आणि हळद, तिखट, गोडा मसाला, मीठ, चिंचेचा कोळ किंवा आमसूल व गुळाचा खडा घालून, नेहमीपेक्षा बरेच पातळ ठेवून उकळू द्यावे. दुसरीकडे कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ आणि तेल घालून ती घट्ट मळावी, पोळीसारखी लाटावी आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत. एकाने लाटून कापावे आणि दुसऱ्याने ते तुकडे उकळत्या वरणात एकेक करून सोडावेत व अधूनमधून ढवळावे, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. दहा-बारा मिनिटांत फळे शिजतात, वरणाला दाटपणा येतो आणि वरून साजूक तूप घातले की जेवायला आणखी काही लागत नाही. लाटणाऱ्याचे आणि ढवळणाऱ्याचे हात कामात असतात, त्यामुळे फोनकडे लक्ष जात नाही आणि दिवसभरातल्या गोष्टी आपोआप बोलल्या जातात.

थालीपीठ हा मात्र तव्यावरून थेट खाण्याचा पदार्थ आहे आणि म्हणून त्यासाठी वेगळी युक्ती करावी लागते. तव्यावर तेल सोडून भाजणीचे थालीपीठ थापावे, मधोमध आणि कडेला भोके पाडून त्यांत तेलाचे थेंब सोडावेत आणि मंद आचेवर झाकण ठेवावे. ते खालून खमंग व्हायला पाच-सहा मिनिटे लागतात. पहिले थालीपीठ झाले की ते मोडून दोघांनी एकाच ताटात अर्धे-अर्धे, लोण्याच्या गोळ्याबरोबर, स्वयंपाकघरातच बसून खावे. तोवर दुसरे तव्यावर होत असते. अशा रीतीने दोघांनाही प्रत्येक घास गरम मिळतो आणि कुणीच कुणाची वाट पाहत राहत नाही.

गरम खाण्यावर इतका भर देण्याला सबळ कारण आहे. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी जिला आपण चव म्हणतो तिचा फार मोठा भाग हा घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास असतो, आणि म्हणूनच सर्दी झाली की उत्तम आमटीही पाणचट लागते. गरम अन्नातून हा वास अधिक सुटतो. नुकत्याच उतरवलेल्या आंबेमोहोर किंवा इंद्रायणीच्या भातावर साधे वरण, वर कणीदार तूप आणि लिंबाची फोड, हे जेवण ताटात पडल्यापासून पहिल्या दोन-तीन मिनिटांत सर्वांत चांगले लागते. नेमक्या त्याच मिनिटांत आपण कुणाचा तरी निरोप वाचत असलो, तर त्या भाताचा उत्तम भाग वाया गेला असे समजावे. म्हणून पाने वाढण्यापूर्वी दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत आणि वाढण्याचे काम एकमेकांनी करावे : आज तिने त्याचे पान वाढावे, उद्या त्याने तिचे. वाढताना समोरच्याला किती भूक आहे, लिंबाची कोणती फोड आवडते, चटणी डावीकडे किती हवी, हे पाहावे लागते, आणि असे बारकाईने पाहणे संसारात हळूहळू कमी होत जाते.

जेवताना कर्जाचा हप्ता, शाळेची फी, गावाकडच्या जमिनीचा वाद हे विषय काढू नयेत. त्यांच्यासाठी रविवारची सकाळ ठरवून द्यावी, म्हणजे ते टाळल्यासारखेही होत नाही. जेवणाची स्तुती करताना नुसते 'छान झाले आहे' म्हणून थांबू नये. आज लसूण नेमका तांबूस झाला आहे, गूळ कळेल न कळेल एवढाच पडला आहे, असे नेमके बोलावे. त्यासाठी आधी लक्ष देऊन खावे लागते आणि करणाऱ्या माणसाला ते बरोबर ओळखू येते. ज्या पुरुषाला स्वयंपाक येत नाही त्याने एकच पदार्थ, उदाहरणार्थ कटाची किंवा साधी आमटी, असा शिकावा की घरात तो त्याच्याच हातचा मागितला जाईल. सासू-सासरे आणि मुले असलेल्या घरात रोज दोघांचेच जेवण शक्य नसते आणि तसा हट्टही धरू नये. सगळे एकत्र जेवावेत आणि नंतरची शतपावली तेवढी दोघांची असावी. ही वेळ आमची आहे, हे घरात मोकळेपणाने सांगितले तर घरची माणसे ती जपतात, असा माझा अनुभव आहे.

आंबा आणि मोगरा

उन्हाळ्यातील आंबा विकत आणून कापून खाण्यापुरता मर्यादित ठेवू नये, कारण त्याची खरी मौज त्याच्या पिकण्यात आहे. बाजारातून तयार फळांचा डझन आणण्याऐवजी कच्च्या पण पूर्ण तयार झालेल्या हापूसची पेटी घ्यावी आणि घरीच आढी लावावी. खोलीच्या कोपऱ्यात भाताचा पेंढा पसरून त्यावर देठाची बाजू वर करून फळे एकमेकांना न दाबता मांडावीत आणि वर पुन्हा पेंढ्याचा पातळ थर द्यावा. फळाच्या तयारीप्रमाणे आणि हवेच्या उष्म्याप्रमाणे आठवड्याभरात, कधी थोडे अधिक दिवस घेऊन, आंबे एकापाठोपाठ एक पिकू लागतात. रोज रात्री दोघांनी मिळून आढी उघडावी, फळे वरखाली करावीत, डागी फळ वेगळे काढावे आणि उद्या कोणता आंबा होईल यावर पैज लावावी. सालीवर बारीक सुरकुती दिसू लागली, देठाजवळ नाक नेताच गोड वास आला आणि बोटाने हलके दाबल्यावर फळ किंचित दबले, की ते खाण्याजोगे झाले.

खरेदी करताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे, तरीही पेटीतले सगळे आंबे एकाच दिवशी एकसारखे पिवळेधमक झाले असतील आणि त्यांना वास जवळपास नसेल, तर ती पेटी घेऊ नये. दुसरे असे, की रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्या नावाखाली दुसरीकडचा आंबा सर्रास विकला जातो. म्हणून एखाद्या बागायतदाराशी ओळख करून घ्यावी आणि दर वर्षी त्याच्याकडूनच पेटी मागवावी. मोसमाच्या सुरुवातीला भाव चढे असतात आणि मे महिन्यात ते उतरतात, तेव्हा पहिल्याच पेटीची घाई करण्याचे कारण नाही.

खाण्यापूर्वी आंबा तासभर गार पाण्यात ठेवावा. फ्रीजमध्ये ठेवून अगदी थंड करू नये, कारण फार थंड फळाचा वास दबतो आणि वास दबला की हापूसचे हापूसपण जाते. रसासाठी पायरी मिळाली तर जरूर घ्यावी, तिचा रस अधिक सैल आणि किंचित आंबूस असतो. रसात साखर घालू नये. वाटीत वाढल्यावर वरून चमचाभर तूप आणि मिरपूड किंवा सुंठेची चिमूट घालावी. फोडी करून खाताना बाठा कुणाचा, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. तो आळीपाळीने घ्यावा, आणि ज्याचा दिवस नसेल त्याने तो न मागता दुसऱ्याला द्यावा. चार हातांना रस लागलेला असताना फार गंभीर भांडण होऊ शकत नाही.

याच दिवसांत मोगरा येतो. गजरा संध्याकाळी आणि कळ्यांचा घ्यावा, पूर्ण उमललेल्या फुलांचा घेऊ नये. संध्याकाळी घट्ट असलेली कळी रात्री उमलते आणि जेवणे आटोपल्यावर तिचा वास खोलीभर होतो. घरी येईपर्यंत तो पानात किंवा ओलसर फडक्यात गुंडाळलेला असावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला तर कळ्या लवकर काळवंडतात. गजरा आणायला वाढदिवस लागत नाही. महिन्यातून एखाद्या साध्या मंगळवारी, काहीही न बोलता तो ओट्यावर ठेवावा. ज्या घरी बायको केसांत फुले माळत नाही, तिथे तो उशाशी वाटीत ठेवावा, आणि बायकोनेही नवऱ्याच्या डब्यात किंवा कामाच्या टेबलावर सोनचाफ्याचे एखादे फूल ठेवायला काहीच हरकत नाही, फुले फक्त बायकांनाच द्यायची असतात असे कुठे लिहिलेले नाही.

विडा लावणे ही अशीच एक मागे पडलेली गोष्ट आहे आणि ती परत आणावी, असे मला मनापासून वाटते. रविवारच्या जेवणानंतर पानाच्या ठेल्यावर जाण्याऐवजी घरात पानाचा छोटा डबा करावा. पान धुऊन कोरडे पुसावे, देठ आणि टोक खुडावे, मागच्या बाजूच्या जाड शिरा नखाने काढाव्यात; मग अगदी पातळ चुना, थोडा कात, गुलकंद, बडीशेप, किसलेले सुके खोबरे आणि वेलदोड्याचे दाणे घालून घडी करावी आणि लवंगेने टोचावी. खाण्यापूर्वी लवंग काढून घ्यावी. सुपारी घालू नये, कारण सुपारीचा कर्करोगाशी असलेला संबंध आता निर्विवाद आहे, आणि तंबाखूचा तर प्रश्नच नाही. गुलकंदाच्या विड्याला या दोहोंवाचून काही उणे पडत नाही. विडा स्वतःसाठी लावू नये, दुसऱ्यासाठी लावावा.

पावसाळा

पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांच्या सांडव्यांवर जी गर्दी लोटते, तिच्यापासून दोघांनी दूर राहावे. तासन्‌तास वाहनांच्या रांगेत बसण्यात कोणताही प्रणय नाही आणि निसरड्या दगडांवर धोका मात्र खरा आहे. त्याऐवजी ठाणे, पालघर, रायगड या भागांत राहणाऱ्यांनी पहिल्या पावसानंतर सकाळी लवकर बाजारात जावे, तेव्हा आदिवासी बायका रानातून आणलेली शेवळे घेऊन बसलेल्या असतात. शेवळे खाजरी असतात, म्हणून त्यांच्याबरोबर काकडे नावाची आंबट फळे विकली जातात आणि ती भाजीत घालावीच लागतात; विकणाऱ्या बाईला विचारले तर ती दोहोंचे प्रमाण आणि निवडण्याची रीत नीट सांगते. शेवळे सोलून वरचे आवरण आणि आतील पिवळसर भाग काढून टाकणे, बारीक चिरणे, तेलावर चांगली परतणे, काकडांचा कोळ काढणे, यात एका माणसाची सकाळ जाते आणि दोन माणसांची फार तर तासभर. हाताला तेल लावून बसावे. वाल किंवा कोलंबी घालून केलेली ही भाजी वर्षातून एकदा-दोनदाच होते, आणि ती झाल्यावर दुपारी पावसाकडे पाहत तांदळाच्या भाकरीबरोबर खाणे ही घरबसल्या झालेली सहलच आहे. घाटावर राहणाऱ्यांनी हेच करटोली, टाकळा किंवा कुर्डूच्या बाबतीत करावे.

आश्विनातील कोजागरीबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण ती अजून घरोघरी साजरी होते. एकच सूचना करतो : सोसायटीच्या कार्यक्रमातील दूध पिऊन झाले, तरी थोडे दूध दोघांसाठी मागे ठेवावे. ते मंद आचेवर तीन चतुर्थांश होईपर्यंत आटवलेले, केशर, वेलदोडा आणि जायफळाच्या वासाचे असावे, आणि मध्यरात्रीच्या सुमारास गच्चीवर किंवा खिडकीशी बसून एकाच भांड्यातून प्यावे.

एका दिवसाची सहल

छोट्या सहलीचे तंत्र एका उदाहरणावरून सांगणे बरे, म्हणून मी पुण्याहून वाई आणि मेणवली ही सहल निवडतो. वाई पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटर आहे. स्वतःच्या वाहनाने सातारा रस्त्याने खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वळावे, किंवा स्वारगेटवरून वाईची अथवा महाबळेश्वरकडे जाणारी एसटी धरावी. दोघांपैकी एकालाच वाहन चालवता येत असेल तर मी एसटीचाच सल्ला देईन, कारण शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत गप्पा मारणे हा सहलीचा निम्मा भाग आहे आणि वाहन चालवणाऱ्याला तो मिळत नाही. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी रजा काढावी आणि सकाळी सहाच्या सुमारास निघावे, म्हणजे नऊच्या आसपास कृष्णाकाठी पोहोचता येते.

वाईत ढोल्या गणपतीचे देऊळ पाहावे. गणपतराव रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे, जेणेकरून कृष्णेचा पूर तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा. ती मुद्दाम मागे जाऊन पाहावी, बहुतेक लोक दर्शन घेऊन समोरूनच परततात. त्यानंतर घाटाच्या पायऱ्यांवर तासभर नुसते बसावे. मराठी विश्वकोशाचे काम याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली उभे राहिले, आणि ज्यांना वाचनाची आवड आहे अशा जोडप्याला या संथ गावाच्या गल्ल्यांतून हिंडताना ते आठवल्याशिवाय राहणार नाही.

दुपारच्या जेवणासाठी डबा घरून न्यावा, असे मी सुचवतो. दशम्या हे प्रवासासाठीच घडलेले खाणे आहे : कणीक पाण्याऐवजी दुधात मळली की पोळी दिवसभर मऊ राहते. तिच्याबरोबर लसणाची कोरडी चटणी, तेलावर परतलेली बटाट्याची भाजी, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ एवढे पुरे. संक्रांतीच्या दिवसांत गेल्यास गुळाच्या पोळ्या न्याव्यात. याच काळात, डिसेंबरपासून मार्चपर्यंत, वरच्या पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यातील स्ट्रॉबेरी वाईच्या बाजारात उतरते. ती आदल्या दिवशी तोडलेली असेल तर घाटावर बसूनच संपवावी, घरी आणेपर्यंत तिचा ताजेपणा राहत नाही.

जेवणानंतर तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीला जावे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा कृष्णेवरचा घाट आणि घाटावरची छोटी देवळे हे सगळे चालत पाहण्याच्या अंतरात आहे. वाड्यातील चौक, लाकडी खांब आणि भिंतींवरील चित्रे घाई न करता पाहावीत. घाटावर एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यानंतर तिथून आलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. चर्चमधील घंटा पेशव्यांच्या मुत्सद्द्याच्या घाटावर कशी आली असेल, ती कुणी उचलली असेल, बैलगाडीने आणली की आणखी कशी, यावर बोलण्यात दोघांचा चांगला वेळ जातो. उन्हे उतरू लागली की घाट बहुधा शांत होतो, तेव्हा तिथे थर्मासमधील चहा घ्यावा आणि अंधार पडण्यापूर्वी परतीला लागावे.

एवढ्या जवळ आलोच आहोत तर पसरणी घाट चढून पाचगणी करून येऊ, हा मोह हमखास होतो. तो टाळावा. पाचगणी स्वतंत्र दिवसासाठी ठेवावी. सहलीत पाहिलेल्या ठिकाणांची संख्या वाढली की बसून राहण्याचा वेळ कमी होतो, आणि दोघांनी घराबाहेर पडण्याचे कारण मुळात तोच वेळ असतो. छायाचित्रांसाठीही एकच पंधरा मिनिटांचा वेळ ठरवून घ्यावा आणि नंतर कॅमेरा पिशवीत टाकावा.

इतर गावच्या वाचकांनी हाच मापदंड लावून आपापले ठिकाण शोधावे : फार तर अडीच-तीन तासांचा प्रवास, एक पाहण्याजोगी जागा, बसायला सावली आणि पाणी. कोल्हापूरकरांना पन्हाळा आहे, नागपूरकरांना रामटेक आहे. मुंबईकरांना माथेरान सर्वांत सोयीचे आहे, कारण लोकलने नेरळला उतरले की पुढे वाहनाची चिंता उरत नाही. गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारींना बंदी असल्याने गावात बहुधा पायीच हिंडायचे असते, आणि लाल मातीच्या सावलीतल्या वाटांवर तासन्‌तास चालणे हे दोघांसाठी वरदानच आहे. नेरळहून जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची आहे. पावसाळ्यात ती घाटात बंद असते, तेव्हा दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासूनची फेरी तेवढी चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

हुरडा

थंडीत ज्वारीच्या कणसांत दाणे भरतात, पण अजून दुधाळ असतात, तेव्हा हुरडा होतो. दाणा पुढे पक्व होत गेला की त्यातील गोडवा जाऊन पीठ वाढते. सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास शेतांवर हुरड्याची सोय असते. शेत निवडताना दोन प्रश्न विचारावेत : ज्वारी हुरड्याची, म्हणजे गूळभेंडीसारख्या वाणाची आहे का, आणि आगटीजवळ बसून खाता येईल का. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात कणसे खुपसून भाजायची, ती हातावर चोळून दाणे काढायचे आणि वाफ निघत असतानाच खोबरे-लसणाची किंवा जवसाची चटणी, गूळ आणि दह्याबरोबर खायचे, हा क्रम जिथे डोळ्यांसमोर होतो तिथेच जावे. जिथे हुरडा आतून ताटलीत येतो आणि त्यामागोमाग भरीत, मिसळ, जिलबी, उसाचा रस आणि बैलगाडीची फेरी असा कार्यक्रम असतो, तिथे हुरडा नावापुरता राहतो. गोवऱ्यांच्या धगीपाशी एकाने कणीस चोळावे आणि दुसऱ्याने फुंकर मारून फोल उडवावे. आगटीशी बसल्यावर हे सांगावेही लागत नाही.

वर्षाची आखणी

हे सगळे आठवणीवर सोडू नये. जानेवारीत स्वयंपाकघरातील दिनदर्शिका दोघांनी समोर घ्यावी आणि त्यावर खुणा कराव्यात. हुरड्याचे शेत महिनाभर आधी ठरवावे लागते. आंब्यासाठी बागायतदाराला मार्चमध्ये फोन करावा आणि पेटी एप्रिलच्या अखेरीची किंवा मेमधली सांगावी. एका दिवसाच्या सहलीसाठी लागणारी मधल्या वारची रजा दोघांच्याही कार्यालयांत एकदमच टाकावी, कारण एकाची आधी मंजूर झाली आणि दुसऱ्याची राहिली की सहल बारगळते. मुलांना त्या दिवशी कोण सांभाळणार, हेही तेव्हाच बोलून ठेवावे आणि ज्यांनी सांभाळले त्यांच्यासाठी वाईहून काहीतरी आणावे. कोजागरीची तारीख दिनदर्शिकेत छापलेलीच असते. शेवळांची मात्र तारीख लिहिता येत नाही; जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की त्यापुढच्या रविवारी पिशवी घेऊन सकाळी लवकर बाजारात जावे आणि शेवळे घेताना काकडे मागायला विसरू नये.